फोन वाजला की बाबा दारात येतात

मंडळी, रागाच्या भरात आज बाबांचं काम घालवलं की काय, या धास्तीत बसलोय.

हदगावची कापसाची जिनिंग मिल बंद पडल्यापासून बाबा घरीच आहेत. वय चौपन्न. नांदेडच्या सरकारी केंद्रात मोटारपंप दुरुस्ती शिकवतात, पुढं कामालाही लावतात आणि वयाची अट नाही असं कळलं, म्हणून सकाळी दोघं गेलो.

केंद्रातल्या साहेबांनी अर्ज माझ्याकडं सरकवला. मी म्हटलं, "माझं न्हाई, बाबांचं नाव घ्या."

ते हसले. "आजोबा, आता नातवंडं खेळवा की!"

माझं डोकंच फिरलं. टेबलावर हात आपटला. "तुमच्या घरी बसून खातेत का ते?"

"आणि तू काय करतोस रे?"

कॉलेज अर्धवट सोडलेला मी आणखीच भडकलो.

बाबांनी मला मागं ओढलं. "सायेब, पोरगं लई तापट हाय. मला एकडाव मशीनपाशी उभं करून तर बघा."

"फोन करतो," एवढंच साहेब म्हणाले. नंबर माझा दिलाय, बाबांकडं फोन नाही.

एसटीत बाबा म्हणाले, "नोकरी मला करायची हाय का तुला?"

माझी मैत्रीण रुसल्यापासून महिनाभर हा फोन तिच्यासाठी उशाशी घेऊन झोपतोय. मघाशी तिचाच आला. "नंतर बोलू, लाइन मोकळी ठेवायचीय," म्हणून मीच कापला.

बाबा दारात येऊन उभे. "सायेबाचा का?"

उद्या जाऊन माफी मागू, की मला बघून साहेब आणखी बिघडतील? तुम्ही काय केलं असतं?