माठाची साक्ष

"कारण सांग," बाई म्हणत, आणि हातातला खडू मुलाच्या नाकासमोर धरत. जणू कारण त्या खडूच्या टोकालाच चिकटलंय.

अमरावतीच्या आमच्या प्राथमिक शाळेत त्या अकोल्याहून आल्या, ते साल अठ्ठावन्न-एकोणसाठ असेल. शेजारचा वर्ग माझा. माझ्याकडे मुलं पाढे म्हणत. त्यांच्याकडे कुणी बैल होई, कुणी पोस्टाची पेटी, आणि बाकीची पोरं वकील होऊन त्यांची उलटतपासणी घेत. "तू शिंग कावून मारलं?" असं विचारल्यावर बैलाला वकिलांना पटेल असं कारण द्यावं लागे. आम्ही शिक्षक त्याला 'नाटककंपनी' म्हणायचो. शिकलेली माणसं आम्ही. हसणं सोपं जाई. खरं तर त्यांची पोरं पाहुण्यांसमोर घडाघडा बोलत आणि आमची अंगठ्याशी चाळा करत, हे सलत होतं.

त्यांच्या वर्गात कमल होती. तिचं घर नुकतंच बौद्ध झालेलं. शाळेच्या माठाला तिनं शिवायचं नाही, दुसऱ्यानं वरून ओंजळीत ओतायचं, अशी पद्धत. सरकारनं ती केव्हाच बंद केली होती. तो कागद हेडमास्तरांच्या कपाटात सुखरूप होता. ओतणारं कुणी नसलं की कमल तहानलेली राही. तुम्ही विचाराल, तेव्हा मी काय करत होते? पाढे घेत होते.

एका दुपारी बाईंनी माठालाच साक्षीला बोलावलं; मी मधल्या दारातून पाहत होते. एक पोरगा गाल फुगवून माठ झाला. कमल वकील.

"तुले कोणी घडवलं?"

"कुंभारानं जी."

"कसं?"

"पायानं तुडवलं मले."

"तवा नाही बाटला, अन् माह्या हातानं बाटतं? कावून?"

"मले काय मालूम जी? हेडमास्तरांले विचारा."

हसण्याचा गलका ऐकून हेडमास्तर दारात आलेच होते. न्यायाधीश झालेल्या पोरीनं त्यांना समोर बसवलं आणि कारण विचारलं. पंधरा ऑगस्टला दीड तास बोलणारे गृहस्थ "पद्धत आहे" एवढंच म्हणाले आणि धोतर सावरत निघून गेले.

कमल उठली. व्हरांड्यातल्या माठातून स्वतःच्या हातानं पाणी घेतलं आणि दोन पेले प्यायली. बाई खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. त्यांनी पदर डोळ्यांना लावलेला मी पाहिला.

महिन्याभरात बाईंची बदली झाली, थेट मेळघाटात, सेमाडोहला. माठही गेला; 'पाणी घरून आणावे' अशी सूचना लागली. निरोपाच्या दिवशी हेडमास्तर बाईंच्या गुणांवर पाऊण तास बोलले. शाल मी बाईंना पांघरली. तेव्हा बाईंनी हळूच विचारलं, "कमलचं तुम्हाला तरी पटलं होतं ना?"

मी शालीची घडी नीट करत राहिले.

त्यांचा वर्ग माझ्याकडे आला. पहिल्याच दिवशी पोरं पुढे सरसावून बसली.

"बाई, आज आमी कोण व्हायचं?"

"कोणी नाही," मी म्हटलं. "पाट्या काढा."