दुसऱ्या ओळीला उभे राहणे

गाण्याच्या तालमीत गाणं कमी आणि चहाची वाट बघणं जास्त असतं, म्हणून गाणाऱ्यांकडे किस्से साठतात. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, दाना ओली नावाच्या गल्लीतल्या आमच्या गायन मंडळात माणसं पंचवीस होती आणि स्टोव्ह एकच. तेव्हा किस्से किती साठले असतील, बघा! मी त्या वेळी कॉलेजात नवा लेक्चरर होतो. पुढे छंदःशास्त्रात डॉक्टरेट केली, पण आठवणी क्रमाने लावायला तिचा काही उपयोग होत नाही. एखादा तपशील चुकला तर सांभाळून घ्या. बहुतेक चुकेलच.

*

मंडळाचं स्वतःचं एक गाणं होतं. ते अण्णांनी लिहिलेलं. अण्णा ग्वाल्हेर संस्थानच्या दप्तरात हेडक्लार्क.

माथ्यावरती किल्ला राही, पायथ्याशी लष्कर वसे,
ग्वाल्हेरीची अमुची गादी, भानू जैसा गगनी दिसे.

काव्य म्हणून यात काय आहे, हे मी आजही सांगू शकत नाही. पण लष्करातल्या प्रत्येक मराठी घरात ते पाठ होतं. दुसरी ओळ आली की सगळ्यांनी उभं राहायचं आणि तिसरी ओळ आली की बसायचं. लोकांना वाटे, हा फार जुना दरबारी रिवाज आहे. खरं असं होतं की अण्णांनी गाण्याच्या कागदाला दप्तरातल्यासारखा समास सोडला होता आणि त्यात लिहिलं होतं, ‘येथे उभे राहणे.’ खाली, ‘येथे बसणे.’

मी एकदा विचारलं, “अण्णा, कवितेला समास कशाला?”

“मग हुकूम कुठे लिहिणार?”

*

संस्थान विलीन झालं आणि मध्य भारत राज्य आलं. गणपती तोंडावर आले होते. मुलींच्या कोरसच्या शकुताई तालमीत पेटी बंद करून म्हणाल्या, “गादीचा कारभार संपला, मग गायचं कशाला? माझ्या पोरींचा खोट्यात सूर नाही लागत. प्रोफेसर, तुम्ही एवढे शिकलेले, बदला ती ओळ!”

अण्णांना न विचारता मी होकार दिला. का दिला, याचा विचार मी अजून करतो आहे. ‘मध्य भारत अमुचे राज्य’ असं केलं. त्यात दोन मात्रा कमी पडत होत्या. आमचे बापूराव संस्थानच्या फौजेच्या बँडमध्ये क्लॅरिओनेट वाजवत. ते म्हणाले, “सर, फिकर नको. दोन मात्रा मी फुंकून देतो.”

तो कागद घेऊन मी अण्णांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून वाचला. समासात ‘पाहिले’ एवढंच लिहून खाली सही केली आणि कागद परत दिला. मंजूरही नाही, नामंजूरही नाही. पाहिले!

त्या दिवसापासून अण्णा मंडळात आले नाहीत. दौलतगंजच्या बाजारात समोरासमोर आलो, तर ते माझ्याकडे बघत. पण बोलत नसत.

*

नव्या ओळीला लोक काय करतात, याची मला धास्ती होती. गणपतीत ओळ आली. लोक अर्धे उठले, एकमेकांकडे बघितलं, धोतर सावरल्यासारखं केलं आणि बसले.

“उठले ना?” मी विंगेत शकुताईंना विचारलं.

“उठले असते बिलकूल. पण मध्येच पत्ता विचारायला थांबले.”

*

फौजेचा बँड मोडल्यावर बापूरावांनी लग्नाचा बँड काढला. सिनेमाची गाणी त्यांना आवडत नसत. एका लग्नात पंगत बसली होती, तेव्हा त्यांनी अण्णांच्या गाण्याची नुसती धून वाजवायला घेतली. दुसरी ओळ आली आणि पंगतीतली सगळी म्हातारी मंडळी उष्ट्या हाताने ताडकन उभी राहिली!

वाढपी हिंदी बोलणारे, हे गाणं त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांना वाटलं, जेवणं झाली. त्यांनी पत्रावळी उचलल्या. जिलबी अजून वाढायची होती.

मुलीचे वडील बापूरावांवर धावून गेले. बापूराव म्हणाले, “मी तर नुसती धून वाजवली. शब्द कुठे होते? शब्द नाहीत तर उभं राहायचं काय कारण?”

मुलीच्या वडिलांनी आपला उष्टा हात मागे घेतला. कारण ते स्वतःही उभे राहिले होते.

*

मध्य भारताची राजधानी साधारण सहा महिने ग्वाल्हेरला आणि उरलेले इंदूरला असे. त्याच एकोप्याच्या भरात इंदूरच्या मराठी मंडळींनी आम्हाला बोलावलं. दुसऱ्या ओळीला तिथे कुणी हललं नाही. सवयीने बापूराव तेवढे स्टेजवरच उठले आणि उभ्याने वाजवू लागले.

पुढच्या रांगेतले एक गृहस्थ मोठ्याने म्हणाले, “अहो, बसा! तुमचा नंबर सहा महिन्यांनी!”

*

मग पुन्हा नकाशा बदलला. मध्य भारत गेला, मध्य प्रदेश आला आणि राजधानी भोपाळला गेली. या वेळी माझं काम सोपं होतं. ‘भारत’ काढून ‘प्रदेश’ घातलं की झालं, मात्रा तितक्याच. मला थोडा अभिमानही वाटला, हे कबूल करतो.

तालमीत दुसरी ओळ आली. म्हाताऱ्यांनी गादी गायली, मधल्यांनी भारत, पोरींनी प्रदेश.

शकुताईंनी पेटी बंद केली. “प्रोफेसर, तुमच्या एका ओळीत आता तीन सरकारं आहेत.”

पुन्हा घेतली. पुन्हा तेच. शेवटी त्यांनीच निकाल दिला, “ही ओळ कुणी गायची नाही. बापूराव नुसती वाजवतील. पुढचा नकाशा येईपर्यंत.”

*

त्या गणपतीला प्रमुख पाहुणे म्हणून एक मोठे अधिकारी आले होते. नवीन बदली, भोपाळहून. मराठी येत नव्हती, म्हणून समजावून सांगायला मला त्यांच्या शेजारी बसवलं. गाणं सुरू व्हायच्या आधी दारात काठीचा आवाज झाला. अण्णा! दप्तरातला बंद गळ्याचा कोट, डोक्यावर पगडी. इतक्या वर्षांनी आले आणि साहेबांच्या पलीकडच्या खुर्चीवर बसले. माझ्याकडे पाहिलं. बोलले नाहीत.

त्यांची ओळ आता कुणी गातच नाही, हे त्यांना माहीत नव्हतं. आता ते उठून निघून जाणार आणि पुन्हा कधी येणार नाहीत, अशी माझी खात्री झाली.

पहिली ओळ झाली. कोरस थांबला. बापूरावांनी एकट्याने क्लॅरिओनेट उचललं.

सगळं सभागृह उभं राहिलं. अर्धं नाही, सगळं. शकुताईंच्या पोरी, विंगेतला पडदेवाला, मी. सगळे उठले म्हणून साहेबही घाईने उठले आणि त्यांनी हात सरळ केले. एकटे अण्णा बसून होते. गुडघे गेले होते त्यांचे. काठीवर बोटाने ताल धरला होता.

साहेब माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, “प्रोफेसर साहब, हम किसके लिए खड़े हैं?”

मी तोंड उघडलं. गादी म्हणावं, भारत म्हणावं की प्रदेश?

क्लॅरिओनेट थांबलं आणि कोरस पुन्हा सुरू झाला. पलीकडून अण्णा शांतपणे म्हणाले, “बैठिए साहब. तीसरी लाइन आ गई.”

साहेब बसले. त्यांच्यामागे सभागृह बसलं.

अण्णांनी मान वळवली.

“तू का उभा अजून? बस.”