ऐकू येईल तेवढंच लिहा

राव अण्णा कुठल्याही खोलीत शिरले की आधी वर बघायचे. देवळात गेले तरी मूर्तीआधी छत. लग्नाच्या कार्यालयात सगळे नवरा-नवरी बघत असताना हे मान वर करून, हॉलची भिंत छताला टेकली आहे की मधेच संपली आहे हे बघत उभे. त्यांच्या पत्नी, ज्यांना आम्ही सगळे अक्का म्हणायचो, म्हणायच्या की मला बघायला आले तेव्हासुद्धा हे माझ्या वडिलांच्या घराचे वासे मोजून गेले.

मी त्यांना पहिल्यांदा भेटलो तेव्हा त्यांनी मला नाव विचारलं नाही. हातात कागद-पेन्सिल दिली, एका बंद दारासमोर उभं केलं आणि म्हणाले, "मी आत आकडे बोलतो. ऐकू येईल तेवढंच लिव्हा. अंदाज नक्को." दार लागलं. मी कान देऊन उभा राहिलो. दहा मिनिटांनी ते बाहेर आले आणि माझा कागद त्यांच्या कागदाशी ताडून पाहिला. चाळीसपैकी अकरा आकडे बरोबर होते. मला वाटलं, मी नापास झालो. ते म्हणाले, "अकरा फार झाले. भिंत नापास." मग शिडी लावून फॉल्स सीलिंगची एक फरशी उचलली. वर पार्टिशन स्लॅबपर्यंत गेलंच नव्हतं, वीतभर खालीच थांबलं होतं. खालून बघणाऱ्याला भिंत पुरी दिसत होती. आवाज मात्र त्या वीतभर फटीतून आरामात बाहेर येत होता.

आमचं काम असं होतं. संरक्षण खात्याला माल पुरवणाऱ्या कंपन्यांसाठी आम्ही कार्यालयं बांधून देतो. त्यांत एक-दोन खोल्या अशा असतात की आतलं बोलणं, आतला कागद, आतला संगणक, काहीही बाहेर जाता कामा नये. मी मोजमापाचा माणूस. कुठं किती बोर्ड, किती दारं, भिंतीतून किती पाइप आणि वायरी आरपार जातात, हे मोजून तक्ते करायचे. राव अण्णा साइटचे प्रमुख. मी निपाणीचा, म्हणून ते मला निपाणीकर म्हणायचे. ते स्वतः बेंगळुरूचेच, बसवनगुडीचे. त्यांचं घराणं कैक पिढ्यांपूर्वी इकडं आलं. त्यांच्या मराठीत 'थोडं'साठी स्वल्प आणि 'बरं'साठी सरी हे कानडी शब्द इतक्या सहज यायचे की वर्षभरात माझ्याही मराठीत आले.

त्या खोल्यांत पुढं काय चालणार हे आम्हाला माहीत नसायचं. अण्णांना ते माहीत करून घ्यायचंही नसायचं. एकदा एका कंपनीचा तरुण इंजिनिअर उत्साहानं सांगू लागला की इथं अमुक यंत्राचा अमुक भाग तयार होणार आहे. अण्णांनी हात वर केला. "सर, मला सांगू नका. मला कळलं तर माझ्याभोवती पण एक भिंत बांधायला लागेल. त्याचं कोटेशन कोण देणार?" तो हसला आणि गप्प झाला. घरीदेखील तेच. शेजाऱ्यांना अण्णा सांगायचे, सुतारकाम करतो. अक्कांना तर साइट कुठल्या बाजूला आहे एवढंच ठाऊक असायचं, तेही डबा किती वाजता भरायचा यावरून.

दुसरी एक सवय मला आधी विचित्र वाटली होती. एका साइटवर महागड्या दारावर खोल ओरखडा पडला. कुणाच्या हातून पडला हे अण्णांनी स्वतः पाहिलं होतं, पण नाव घेतलं नाही. दोन सुतार एकमेकांवर ढकलत होते. अण्णा रोज सकाळी त्या दारासमोर स्टूल टाकून चहा प्यायचे आणि निघून जायचे. तिसऱ्या दिवशी त्यांतला एक आला आणि म्हणाला, माझ्या हातून झालं. मी अण्णांना विचारलं, तुम्हाला माहीत होतं तर तीन दिवस का घालवले? म्हणाले, "दुसऱ्याची चूक आपल्या तोंडानं सांगितली की ती चहाडी होते. ज्याचं त्यानं बोलावं."

हे वाक्य मी तेव्हा ऐकलं आणि सोडून दिलं.

पुढं येलहंकाच्या बाजूला एक मोठं काम मिळालं. डोक्यावरून विमानं जात, त्यामुळे अण्णांना आकड्यांची परीक्षा घ्यायला दोन विमानांमधली वेळ गाठावी लागायची. इथले नियम कडक होते. फोन फाटकावरच्या कप्प्यात. प्रत्येक नकाशावर क्रमांक, सकाळी सही करून घ्यायचा, संध्याकाळी सही करून परत द्यायचा. वही आत न्यायची नाही. रोज संध्याकाळी सहाला अण्णा रजिस्टरात लिहायचे, 'सर्व कागद परत आले', आणि खाली सही.

बुधवारी कंपनीचे सुरक्षा अधिकारी तपासणीला येणार होते. सोमवारी मी मुख्य खोलीच्या भिंतींतली भोकं शेवटची मोजली. नकाशावर शेहेचाळीस. प्रत्यक्षात सत्तेचाळीस. पुन्हा मोजली. सत्तेचाळीस. सहा वाजत आले होते, नकाशा परत द्यायचा होता. हिशेब जुळला नाही तर मला घास उतरत नाही, हा माझा जुना रोग. खिशात चिकपेटेतल्या साडीच्या दुकानाचं बिल होतं, शनिवारी बायकोसाठी साडी आणली होती त्याचं. त्याच्या पाठीवर मी चारही भिंतींतल्या भोकांची जागा, उंची आणि माप बारीक अक्षरात उतरवून घेतलं, घडी केली आणि खिशात घातलं. नकाशा परत केला. फाटकावर बॅग तपासली, फोन परत दिला. शर्टाचा खिसा कुणी तपासला नाही.

त्या क्षणी आपण काही चुकीचं करतो आहोत असं मला वाटलंही नाही. मी कागद बाहेर नेत नव्हतो, हिशेब जुळवत होतो.

घरी जेवणाआधी टेबलावर बसून मी यादी लावली. सत्तेचाळीसावं भोक सापडलं. एसीच्या डक्टमागे, सीलिंगच्या वर, कुणीतरी वायरीसाठी पाडून तसंच सोडलेलं. समाधानानं जेवलो.

मंगळवारी दुपारी साइटवर डबा उघडला आणि हात खिशाकडे गेला. शर्ट वेगळा होता. धावत फाटकावर जाऊन फोन घेतला आणि घरी लावला. बायको म्हणाली, साडीचा काठ आवडला नव्हता, म्हणून सकाळी बदलून आणली. तुमच्या शर्टात बिल होतं ते दिलं. त्यांनी ते ठेवून घेतलं आणि नवं बिल दिलं. काय झालं, चांगली आहे की ही साडी.

देशाच्या कुठल्या तरी कामासाठी बांधलेल्या खोलीत कुठून शिरता येईल, कुठून ऐकता येईल, याची मापासकट यादी चिकपेटेतल्या एका कापडवाल्याकडे होती, आणि ती माझ्या अक्षरात होती. नोकरी जाणार हे दिसत होतं. पोलिसही दिसत होते. मुलगी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती.

अण्णांना सांगितलं. ते रागावले नाहीत. भिंतीवरचं घड्याळ बघून म्हणाले, "चला." बसनं मॅजेस्टिकचा मोठा बसस्टँड, तिथून मेट्रोनं एक स्टेशन. वाटेत मी चार-पाच वेळा म्हणालो असेन की मिळेल ना हो अण्णा. ते दर वेळी म्हणाले, "गोत्तिल्ला, ठाऊक नाही. बघू."

दुकानाचा मालक गादीवर बसला होता. मागे तारेत दिवसभराची बिलं खोचलेली. अण्णा त्याच्याशी कानडीत सावकाश बोलले. त्याने तार काढून दिली आणि हसून विचारलं, काय, पाठीवर लॉटरीचा नंबर आहे की काय. मी एकेक बिल उलटत गेलो. वरून नववं. माझंच अक्षर. कागदाच्या मधोमध तारेचं भोक पडलं होतं. अण्णांनी विचारलं, कुणी पाहिलं का हे? मालक म्हणाला, बिलाची पाठ कोण बघतं साहेब.

बाहेर त्या गर्दीत, हातगाड्यांच्या मधे उभा राहून मी कागद फाडायला घेतला. अण्णांनी तो माझ्या हातातून काढून घेतला.

"किती तास बाहेर होता?"

सोमवार संध्याकाळी सहा ते मंगळवार दुपारी तीन. एकवीस, मी म्हणालो.

"मग एकवीस तास भिंत उघडी होती. लिव्हायला पाहिजे."

मी त्यांचा हात धरला. कागद मिळाला, कुणी पाहिला नाही, कुणाला कळणार नाही, माझ्या मुलीची दोन वर्षं राहिली आहेत, हे सगळं मी एका दमात बोललो. त्यांनी पुरतं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "गुपित खोलीचं असतं, निपाणीकर. आपल्या चुकीचं नसतं. तुम्ही तुमचं लिव्हा. मी माझं लिव्हतो."

त्यांचं काय होतं हे मला साइटवर परतल्यावर कळलं. मी रजिस्टरात माझा जबाब लिहिला, बिल जोडलं. त्याखाली अण्णांनी लिहिलं, 'सोमवारी सर्व कागद परत आल्याची सही मी केली. ती खोटी ठरली.'

तपासणी रद्द झाली. सगळी भोकं बुजवून दुसऱ्या जागी पाडावी लागली. अकरा दिवस लागले. माझा साइटवर शिरायचा पास तीन महिने बंद झाला आणि मग परत मिळाला, कारण मी आपण होऊन सांगितलं होतं आणि सत्तेचाळीसावं भोक शोधलं होतं. अण्णांचा पास कायमचा गेला. कागदांची जबाबदारी त्यांची होती. निवृत्तीला चार महिने होते. आमच्या कंपनीने त्यांना ऑफिसात बसायला सांगितलं. ते म्हणाले, छत बघून बघून मान दुखेल, आणि रजेवर गेले ते गेलेच. निरोपाला मला एवढंच म्हणाले, "आकडा बरोबर होता तुमचा. कागद चुकला."

त्यानंतर चार वर्षं मी त्यांच्या घरी जात होतो. डायरीत नोंद आहे, एकोणतीस वेळा. अक्का कॉफी करायच्या. अण्णांचा स्वभाव तोच, पण घरात काहीतरी बदललं होतं. अक्का त्यांच्याशी कमी बोलायच्या. मुलगा आला की बापाला ओलांडून आत जायचा. मला वाटायचं, म्हातारपण आहे, घरोघरी असतंच.

शेवटच्या वर्षात अण्णांना ऐकू कमी येऊ लागलं. सगळा जन्म ड्रिल आणि कटरच्या आवाजात काढला होता. माझ्या एकोणतिसाव्या भेटीत त्यांनी मला बाहेर हॉलमधे उभं केलं, स्वतः आत खाटेवर कागद घेऊन बसले आणि म्हणाले, आकडे बोला. मी चाळीस आकडे बोललो. स्वयंपाकघरात अक्का भाजी चिरत होत्या. आत जाऊन कागद पाहिला. चारच आकडे होते, चारही बरोबर. "भिंत पास," ते म्हणाले. मधे भिंत नव्हतीच, दार सताड उघडं होतं. मी हसलो. ते हसले नाहीत. स्वयंपाकघराकडे एकदा बघून म्हणाले, "आकडे झाले. आणखी काय बोलायचं आहे काय?"

मी म्हणालो, नाही अण्णा, काही नाही.

"सरी मग," म्हणाले, आणि कागदाची घडी घातली.

दीड महिन्यानं ते गेले. तेराव्याला मी गेलो होतो. पाहुणे पांगल्यावर अक्का माझ्यासमोर येऊन बसल्या. पदराशी चाळा करत म्हणाल्या, "तुम्ही त्यांच्याबरोबर होता. एक विचारू? चार महिने राहिले होते, तेव्हा त्यांना घरी का बसवलं? मी विचारलं की म्हणायचे, काम संपलं. लोकांनी काय काय सांगितलं. पोरगं म्हणालं, वडलांनी काहीतरी विकलं असेल. त्यांनी काय केलं होतं हो?"

एकोणतीस वेळा मी त्या घरात कॉफी प्यायलो होतो. रजिस्टरात लिहिलं म्हणजे माझं सांगून झालं, असं मी धरून चाललो होतो. अण्णांनी सांगितलं नाही, कारण सांगायचं तर माझं नाव घ्यावं लागलं असतं. ते त्या दारासमोर स्टूल टाकून बसल्यासारखे चार वर्षं माझी वाट बघत होते, आणि त्या काळात घरच्यांनी त्यांना चोर मानलं होतं.

मी सांगितलं. खोली कसली होती ते नाही. साडीचं बिल, तारेत खोचलेला कागद, एकवीस तास, माझी चूक आणि त्यांची सही, एवढं सगळं.

अक्कांनी हातातला पदर सोडला. मग म्हणाल्या, "साडीचं बिल होय." आणि आतल्या खोलीकडे मान वळवून मुलाला हाक मारली. तो लगेच आला नाही. त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "त्याला पण कळू दे. परत सांगा."

मी पहिल्यापासून पुन्हा सांगायला लागलो, आतपर्यंत प्रत्येक शब्द ऐकू जाईल अशा आवाजात.