नारळ ठेवायचा कुठे?

सांगलीहून निघताना पिशवीत शेंगदाण्याची चटणी आणि शेंडीचा नारळ होता, आणि मनात पक्का नकार. माझी मुलगी मंजिरी चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात नोकरी करते. तिला तिथल्याच इळंगोशी लग्न करायचं होतं. मुलगा बहाई. बहाई म्हणजे नेमके कोण हे आमच्या गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून प्रत्येकानं काहीतरी वेगळं सांगितलं. हिच्या बाबांना जाऊन सहा वर्षं झाली, तेव्हा नाही म्हणायचं काम माझ्याकडेच.

चेन्नई सेंट्रल स्टेशनवर सकाळी आठलाच घामाच्या धारा. मंजिरीनं मला वेलचेरीच्या गाडीत बसवलं. ती पुलावरून उंच उंच जाते. खाली गच्च्या आणि त्यांवर वाळणाऱ्या वेष्ट्या (धोतरं). पुढं शेअर ऑटोत दाटीवाटीनं आठजण. माझ्या मांडीवर कुणाची तरी मोगऱ्याची टोपली आली. ऑटोवाल्यानं पत्त्याला "सरी, सरी" (बरं, बरं) म्हटलं आणि भलत्याच गल्लीत उतरवलं. तिथून चालतच इळंगोचं घर गाठलं.

दार त्याच्या आईनं, शांताबाईंनी उघडलं. "या, बैसा. ऊन फार लागलें का?"

मी उंबऱ्यातच थबकले. बाई तंजावरच्या मराठी घरातल्या. कित्येक पिढ्या तिकडेच. असलं मराठी मी पोथीतच वाचलं होतं.

पहिल्यांदा कुणाच्या घरी गेलं की आधी देवापुढे नारळ, ही माझी रीत. हॉल पाहिला, स्वयंपाकघर पाहिलं, देवघर कुठे दिसेना. शेवटी कोपऱ्यात कापडाखाली लाल दिवा लुकलुकताना दिसला, तिथे भक्तिभावानं हात जोडले.

"आई," मंजिरी कुजबुजली, "तो इन्व्हर्टर आहे."

आता लाज कसली? सरळ विचारलं, "तुमचे देव कुठे असतात?"

"मांडले नाहींत हो," शांताबाई हसल्या. "देव एकच. तो माणसाच्या बुद्धींत मावत नाहीं, कोनाड्यांत कसा मावेल?"

"मग कळतो कसा?"

"तो वाद्यार (शिक्षक) पाठवतो. कृष्ण, बुद्ध, येशू, महंमद, मागाहून आमचे बहाउल्ला. शाळा एकच."

"म्हणजे आमचे पहिलीचे आणि तुमचे दहावीचे!" मी फणकारले. तीस वर्षं पहिलीचा वर्ग सांभाळलाय मी. पहिलीला कुणी कमी लेखलं की माझं डोकंच फिरतं.

"पहिलीच्या बाईला पुढचें येत नाहीं का?" त्या शांतपणे म्हणाल्या. "येतें. पोरांना झेपेल तेवढेंच सांगते."

मी पुढ्यातली कापी (कॉफी) प्यायले.

संध्याकाळी शेजारी जमले. पुजारी नाही, आरती नाही. ज्याला जी येते ती प्रार्थना. एका बाईनं कुराणातलं म्हटलं, एका आजोबांनी तमिळ भजन, आणि मी आमची दिवेलागणीची. मग सुंडल (हरभऱ्याची उसळ) आलं. वर भरपूर ओलं खोबरं. माझा नारळ अखेर सगळ्यांच्या ताटल्यांत पोचला होता.

इळंगो कंपनीच्या बसनं घरी आला. मी वेळ न घालवता विचारलं, "हिला धर्म बदलावा लागेल?"

"नाही आंटी. ज्याचं त्यानं शोधायचं."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

त्यानं एकदा मंजिरीकडे पाहिलं. "मग लग्न नाही. दोघांचे जे आईवडील हयात आहेत, त्या सगळ्यांचा होकार लागतो. आमचा नियमच आहे. आम्ही निवडतो, पण हो तुम्ही म्हणायचं. लिहून."

भांडायला कंबर कसून आले होते, आणि समोर भांडणारं कुणीच नाही. मंजिरी ताटलीतला एकच हरभरा इकडून तिकडे ढकलत होती. मला मान मिळाला याचा आनंद व्हायला हवा होता. मला चक्क भीती वाटली. माझ्या एका शब्दानं हे मोडणार होतं, आणि ही दोघं ते मोडू देणार होती. "कळवते," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी स्टेशनपर्यंत मंजिरीनं एका शब्दानं विचारलं नाही.

सांगलीत पिशवी टेकवते तोच गल्ली हजर. "कसा आहे हो त्यांचा देव?"

"दिसला नाही," मी म्हटलं. "पण माणसं पाहिली."

दार लावून वहीचं पान फाडलं आणि फळ्यावर काढायची त्या टपोऱ्या अक्षरांत होकार लिहिला. नियम हयात माणसांपुरताच, ते ठाऊक होतं. तरी सहीखाली एक ओळ घातलीच: 'हिचे बाबा असते, तर तिथेच हो म्हणाले असते.'