दादाचं मशीन

दवाखान्याची वेळ घ्यायची वेबसाइट, पण तिची पार गोगलगाय झाली होती. लॉगिन केलं की अर्धं मिनिट पांढरा पडदा. साहेब रोज डोक्याला हात लावत, आज त्यांनी सरळ सांगून टाकलं, "ताई, संध्याकाळपर्यंत कारण सापडलं तर ठीक. नाहीतर ही जावातली जुनी साइटच मोडीत काढायची. मग तुम्हालाही इथे काम उरणार नाही."

ताईला नोकरीपेक्षा जिव्हारी लागलं ते 'मोडीत'. ती साइट तिच्या थोरल्या भावानं लिहिली होती. बहिणीला हाताला धरून हे काम त्यानंच शिकवलं, याच ऑफिसात चिकटवलं आणि मग जन्मभर तिच्या चुका काढल्या. त्याला विचारल्याशिवाय इकडची काडी तिकडे होत नसे. गेल्या हिवाळ्यात तो गेला. त्याच सुमारास साइट नव्या सर्व्हरवर हलवली होती, त्यामुळे सगळ्यांनी खापर सर्व्हरवर फोडलं.

सर्व्हर बिचारा निवांत होता. मेमरी भरपूर, डेटाबेसही चटचट उत्तरं देणारा. शेवटी तिनं थ्रेड डंप काढला, म्हणजे त्या क्षणी प्रत्येक काम प्रोग्रामच्या कुठल्या ओळीवर अडलंय ते पाहिलं. सगळी एकाच ओळीवर ताटकळत होती. कुणीही लॉगिन केलं की आधी दादाच्या टेबलाखालच्या मशीनला कळवायचं आणि त्याचा होकार आला की पुढे जायचं. नाहीच आला, तर अर्ध्या मिनिटानं नाद सोडून तसंच पुढे जायचं. दादाचा स्वभावच तो. कोण आलं, कोण गेलं, सगळं त्याला कळलंच पाहिजे.

आणि ते मशीन? दादा गेल्यावर भंगारात जाऊ नये म्हणून तिनंच घरी नेलं होतं. काखेत कळसा नि गावाला वळसा!

ओळ खोडणं क्षणाचं काम, पण तिचा हात होईना. जेवणाच्या सुट्टीत ती घरी गेली, चादरीत गुंडाळून मशीन आणलं आणि जुन्या जागी जोडलं. पंखा घरघरला, थांबला. तिनं पुन्हा पुन्हा बटण दाबलं. काहीच नाही.

"ऊठ ना रे दादा," ती टेबलाखाली बसूनच म्हणाली. शेजारच्या टेबलावरचा सहकारी खिडकीबाहेर पाहू लागला.

मग तिनं ओळ खोडली आणि साइट पुन्हा चालू केली. लॉगिन चुटकीसरशी झालं.

"जादूच केलीत, ताई!" साहेब खूश झाले.

ताईला मात्र भडभडून आलं. दादावाचून इथलं सगळं अडतं, हे इतके महिने खरं तरी होतं.