कोंडातले डोळे

मे महिन्याच्या सुरुवातीला मसुऱ्याच्या आतल्या एका वाडीत गेले होते... आणि भर दुपारी, लख्ख उन्हात, अंगावर काटा आला.

मी मालवणात अकरावी-बारावीला बायॉलॉजी शिकवते. सुट्टीत आम्ही तीन-चार मैत्रिणी गोड्या पाण्यातले शिंपले कुठल्या व्हाळात, म्हणजे ओढ्यात, टिकलेत ते बघत फिरतो. समुद्रातल्या तिसऱ्या, त्या खायच्या शिंपल्या, सगळ्यांना माहीत... पण व्हाळातही शिंपले असतात, पाणी गाळून त्यावर जगतात आणि एकेका व्हाळातून नाहीसे होत चाललेत, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं.

त्या दिवशी मी एकटीच होते. व्हाळ आटलेला, फक्त एका कोंडात, म्हणजे खोलगट डोहात, पाणी उरलेलं. दुसऱ्या दिवशी तिथला गाळ काढायला जेसीबी येणार असं कळलं, म्हणून घाईघाईने निघाले होते.

वाट दाखवायला दत्ताराम काका आले. सत्तरीचे. त्यांची सुपारीची बाग याच पाण्यावर, आणि कोंडात जास्त पाणी साठावं म्हणून जेसीबीही त्यांनीच ठरवलेला. पण कोंड दिसताच ते वरच थांबले.

"तुमी जावा. मी हंयच बसतंय. दुपारचा थंय कोण जाणा नाय... पाण्यातसून कोणतरी बगता."

मी हसले आणि उतरले. खाली गेल्यावर मात्र हसू गेलं. पाखरांचा आवाज नाही, पान हलत नाही. पाणी गुडघाभर, अगदी स्वच्छ, आणि तळाला नुसता गाळ... शिंपला एकही नाही.

पाण्यात उभी राहिले. आणि खरंच वाटलं, कोणीतरी बघतंय.

वाकून पाहिलं. गाळात एक बारीक ओलसर फट होती, काळ्या कडांची. तिच्या शेजारी दुसरी... जोडी. मग पलीकडे आणखी एक जोडी. एकदा नजर बसल्यावर दिसतच गेल्या... सगळा तळ उघड्या डोळ्यांनी भरलेला.

दचकून तोल गेला, सावरायला हात पुढे केला. हाताची सावली तळावरून सरकली... आणि ती जिथून गेली, तिथले डोळे एकेक करून मिटले.

पळत सुटावंसं वाटलं. मग शिकवलेलं आठवलं. गाळात रुतलेल्या शिंपल्यांची ती तोंडं होती, एक पाणी आत घ्यायचं, एक बाहेर टाकायचं. म्हणजे ज्यांना शोधायला आले होते, त्यांच्यामध्येच उभी होते. हे कळूनही अंगावरचा काटा काही जाईना.

काकांना हाका मारल्या. बऱ्याच वेळाने ते चपला काढून खाली आले. एक शिंपला उपसून मी त्यांच्या तळहातावर ठेवला आणि सांगितलं, हे पाणी असं नितळ आहे ते यांच्यामुळे. उद्या हे सगळे गाळाबरोबर काठावर जातील आणि वाळून मरतील.

"पाणी नाय ऱ्हवला तर माझी बाग मरतली, ताई."

तेही खरंच होतं.

काका शिंपला परत ठेवायला वाकले. त्यांची सावली पडली आणि समोरचा सगळा तळ मिटला. ते तसेच राहिले... हलेनात. शिंपल्यांनी पुन्हा उघडायला सुरुवात केली तेव्हा हळूच म्हणाले, "ह्येंका आमी दिसतांव, गो बाय."

काठावर बसून त्यांनी दोन विड्या ओढल्या. मग म्हणाले, "कोंडाच्या वरच्या भागातलो गाळ काडूया. खालचो अर्दो भाग तसोच ऱ्हवांदे."

दुसऱ्या दिवशी जेसीबी दुपारपर्यंत थांबवून ठेवला. सकाळपासून काका, त्यांची सून सुलभा आणि मी, तिघांनी वरच्या भागातले शिंपले हाताने काढून खालच्या भागात नेले. काका प्रत्येक शिंपला गाळात उभा रोवत होते, सुपारीचं रोप लावावं तसा. अर्धाच गाळ काढून बागेला पाणी पुरेल का, ते कुणालाच माहीत नाही.

शिंपल्यांना डोळे नसतात, उजेड-सावली तेवढी कळते... हे मी दरवर्षी शिकवते. तरी निघताना त्या पाण्याकडे पाठ करवेना.

इतकी वर्षं तो कोंड भीतीने राखला. भीतीचं कारण कळल्यावरही काकांनी तो राखला... त्यांचे आभार कसे मानायचे, मला अजून सुचलेलं नाही.