आमटीची वाटी

"कुणाचा हात? बोला जल्दी!"

उपाध्ये स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. हातात आमटीची वाटी. मागे पंगतीत देशावरून आलेले यात्रेकरू हात आखडून बसलेले. आमटी खारट झाली होती.

हात माझा होता. मीठ घातलं, तेवढ्यात खीर उतू गेली. तिकडे धावले आणि परत येऊन पुन्हा मीठ घातलं. चाखलं असतं तर कळलं असतं. पण चाखायची मनाई. नैवेद्य उष्टा होतो म्हणे. ब्रह्माघाटावरच्या उपाध्यांच्या घरात आम्ही चार विधवा सोवळ्यात रांधायचो, निव्वळ अंदाजाने.

माझं तोंड उघडेना. विशीची होते. सासरच्यांनी काशीला आणून टाकलेली. इथून काढलं तर जायचं कुठे?

"माझा," गोदाकाकू म्हणाल्या. आमच्यात त्या मोठ्या. सगळा स्वयंपाक त्यांच्या देखरेखीखाली चालायचा.

"मग पी, गोदे. सगळ्यांसमोर."

उपाध्यांच्या आईच्या वयाची बाई. आणि गोदे! गोदाकाकू पंगतीच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि वाटी प्यायल्या. ठसका लागला तेव्हा कुणीतरी हसलं. मी भिंतीला टेकून उभी. हातात झारा.

त्याच दुपारी त्यांना काढून टाकलं. घाटाच्या पायऱ्यांवर मी त्यांचे पाय धरले. माझं नाव का नाही सांगितलंत, म्हणून रडले.

"तू माझ्या हाताखाली होतीस. म्हणजे चूक माझीच की," त्या म्हणाल्या. "जा आता, भांडी पडलीत."

थंडीत त्या गेल्या. मणिकर्णिकेच्या स्मशानात नेलं, हे मला चार दिवसांनी कळलं. 'माझा' हा शब्द मी म्हणायला हवा होता. म्हटला नाही. ते आजही काळजाला घरं पाडतं.

पुढे स्वयंपाक माझ्याकडे आला. एका समाराधनेला नव्याने आलेली शांता आमटी उतरवताना माझ्याकडे वळली.

"ताई, मीठ घातलं का नाही, याद नाही येत मला."

नैवेद्याचं ताट मांडलेलं. दारात तेच उपाध्ये. मी थोडी आमटी तळहातावर घेतली, फुंकली आणि त्यांच्या डोळ्यांदेखत चाखली. अळणी होती.

"बाटवलंस सगळं!" ते ओरडले.

"मीठ घालते, मग वाढा. चालत नसेल तर आम्ही चौघी निघतो."

त्यांनी बाहेर बोट दाखवलं. पंगत खोळंबलेली टाकून आम्ही चौघी गल्लीत उतरलो.

आता रामघाटाजवळ आमच्या दोन चुली आहेत. इथे आधी आम्ही चाखतो, मग देव जेवतो. दारात येऊन कुणी विचारलं, कुणाचा हात, तर उत्तर मी देणार. माझा. पण ती वाटी मी पिणार नाही. माझ्या एकाही बाईला पिऊ देणार नाही.